पिक्चर मागे घ्या म्हणून सांगायला मी सायकलवर गेलो होतो

आज सकाळपासून डोकं सणकलंय. म्हणून लिहितोय, आणि लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी आत्ताच पुढं सरकावं, राग नाही.

आण्णांचा टीव्ही बंद. बिघडलेला नाही. लाईट आहे, डिशची छत्री गच्चीवर जागच्या जागी आहे. पैसे मी मंगळवारी भरले, खात्यातून गेले, मेसेज आला. तरी पडद्यावर एक निळा चौकोन आणि त्यात कसलातरी नंबर. आण्णा ७८ वर्षांचे. त्यांना सकाळी बातम्या लागतात, संध्याकाळी कीर्तन लागतं, बाकी काही मागणं नाही. कंपनीला फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा, मग वीस मिनिटं टिंगटिंग. शेवटी एक मुलगी आली. गोड बोलली. "सर, सिस्टिमला तुमचं पेमेंट दिसत नाहीये, ७२ तास वाट बघा." मी म्हटलं, पावती घेऊन मी स्वतः येतो, ऑफिस कुठंय तुमचं? ती जरा थांबली आणि म्हणाली, "सर, तसं ऑफिस नसतं."

तसं ऑफिस नसतं!

त्या पोरीचा दोष नाही, ती पगारी माणूस. पण या एका वाक्यानं मला थेट १९९३च्या तासगावात नेऊन सोडलं. कारण आमच्या केबलवाल्याचं ऑफिस होतं. म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. तिथं एका टेबलावर व्हीसीआर, शेजारी कॅसेटींची चळत, भिंतीवर वायरींचं जाळं आणि कोपऱ्यात त्याच्या आईची बाज. म्हातारी त्या सगळ्या लाल दिव्यांच्या उजेडात निवांत झोपायची.

तर किस्सा. जुन्या मित्रांना माहीत आहे, पण पुन्हा सांगणार.

मी सहावीत. रात्री साडेनऊचा केबलवरचा पिक्चर लागलेला. आई कामं आवरून, पदराला हात पुसत नुकती बसलेली. आणि अर्ध्यात आमच्या आळीची लाईट गेली. तास-पाऊण तास गेला. आली तेव्हा पिक्चर केव्हाच पुढं गेलेला. आई मला म्हणाली, "जा, सायकल काढ. त्याला सांग, आमच्याकडं लाईट नव्हती, पिक्चर मागं घे. बागेतल्या गाण्यापासनं लाव म्हणावं." मी गेलो. तो बनियनवर जेवत होता. भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून त्यानं विचारलं, "कुठनं लावू?" मी म्हटलं, बागेतल्या गाण्यापासनं. त्यानं डाव्या हातानं बटण दाबलं.

आणि अख्ख्या गावाचा पिक्चर मागं गेला.

विचार करा जरा. ज्यांच्याकडं लाईट गेली नव्हती ते लोक खलनायकाच्या अड्ड्यावर पोचले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत माणसं उलटी चालायला लागली, जिने उलटे उतरायला लागली, हिरोच्या आईच्या गालावरचं पाणी परत डोळ्यांत गेलं. आणि सगळं गाव आमच्या आईसाठी बागेत येऊन उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी मंडईत एका काकांनी आण्णांना गाठलं, "काय गुरुजी, तुमच्यामुळं बारा वाजले की हो झोपायला!" पण हसत. कुणी तक्रार केली नाही. त्यांच्या आळीची लाईट जाणारच होती की कधीतरी.

आता लगेच कुणीतरी खाली लिहिणार, त्या कॅसेटी चोरीच्या असायच्या, निर्मात्याला एक पैसा मिळायचा नाही. बरोबर आहे. असायच्या चोरीच्या. पुढं चला.

आजच्या पोरांना सांगायला हवं, केबल म्हणजे आधी नुसता हाच प्रकार होता. एक व्हीसीआर, आणि तिथून घरोघर गेलेली काळी वायर. आभाळातून येणारं नंतर आलं. १९९१ला आखाती युद्ध झालं, परदेशी वाहिन्यांची नावं कानावर पडली, हाँगकाँगहून स्टार सुरू झालं, २ ऑक्टोबर १९९२ला झी आलं, आणि मग आमच्या केबलवाल्यानं कर्ज काढून गच्चीवर मंडपाएवढी जाळीची डिश बसवली. ती बसवली त्या दिवशी नारळ फोडला होता. पेढे आम्हाला आलेले. वायर लिंबाच्या झाडावरून, तिथून शाळेच्या कौलांवरून, तिथून खांबावर. मधे सिग्नल वाढवायचा अँप्लिफायर. तो भिजू नये म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेला. वळवाचा पाऊस आला की अर्धं गाव मुंग्या बघायचं आणि हा बाबा शिडी खांद्यावर टाकून फिरायचा. आमचा टीव्ही जुना, त्याला फिरवायचं बटण, त्यात आठच चॅनेल मावायचे. तर हा विचारायचा, "वहिनी, कुठली आठ ठेवू?"

विचारायचा! आणि मग १ फेब्रुवारी २०१९पासून नियम आला की ग्राहकानं स्वतः वाहिन्या निवडायच्या. तेव्हा शंभर वाहिन्यांचे १३० रुपये, वर कर, वर प्रत्येक पैशाच्या वाहिनीचे वेगळे. मोठी लोकशाही. आण्णांनी वहीत यादी केली होती, नंबर घालून, शिक्षकी अक्षरात. ती यादी कुणाला द्यायची हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ॲपमध्ये गेलो तर पाच तयार गठ्ठे दाखवले, यातला एक घ्या. आण्णांच्या यादीतलं कीर्तन एका गठ्ठ्यात, बातम्या दुसऱ्यात.

चहा घेऊन आलो. आवाज जरा खाली आणतो.

खरं सांगायचं तर आई केबलची नव्हेच, ती रेडिओची. तिचं माहेर आडगावात, घरात टेबलावरचा मर्फी, त्यावर विणलेलं झाकण. दर वर्षी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरायचे, पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का. घरात गाणी ऐकायची म्हणून सरकारचा परवाना! लग्नानंतर आण्णांचा ट्रान्झिस्टर, भोकंभोकं असलेल्या चामडी कव्हरातला. सेल मंद झाले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे, मग आणखी दोन दिवस चालायचे. काटा कायमचा १२५१वर, म्हणजे आकाशवाणी सांगली. सकाळी पावणेसातनंतर संस्कृत बातम्या लागल्या की मी दात घासायला उठायचं, 'इयम् आकाशवाणी' हाच आमचा गजर. ७.०५च्या प्रादेशिक बातम्यांना पहिला चहा. सुधा नरवणे बातम्या देत असल्या की आण्णा मान हलवायचे, "स्वच्छ उच्चार." वर्गातल्या पोरांना असं कौतुक कधी मिळालं नाही.

आणि आण्णांचं स्वतःचं देऊळ म्हणजे सिलोन, श्रीलंकेचं रेडिओ स्टेशन. हे ते अजूनही रागानं सांगतात. माहिती मंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली, आणि लोक कोलंबोकडं वळले. १९५२ला तिथं अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली, हिंदी सिनेमाची गाणी नंबर लावून ऐकवणारी. बुधवारी रात्री आठ. शॉर्टवेव्हवर आवाज भरतीसारखा जवळ यायचा आणि ऐन नंबराच्या वेळी ओहोटी लागायची. सरकारला अक्कल यायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावा लागला, तेव्हा विविध भारती आली. केसकरांनी शास्त्रीय संगीताला मोठं व्यासपीठ दिलं हेही आण्णा सांगतात, पण एकदाच आणि घाईघाईनं. फेब्रुवारी २०२४मध्ये सायानी गेले, त्या दिवशी आण्णांनी टीव्ही लावलाच नाही. फोनवर त्यांचा आवाज शोधून दिला तर म्हणाले, "नको, खरखर नाही त्याला."

तर आई. आई फर्माईश पाठवायची. 'आपली आवड'ला पोस्टकार्ड, खाली घरातल्या सगळ्यांची नावं, मी जन्मायच्या आधीपासून. कार्ड टाकलं की नुसती वाट. कधी लागेल, लागेल की नाही, काही कळायचं नाही. गाणं एकदा लागायचं आणि जायचं. ते परत बोलावायचं म्हणजे पुन्हा एक कार्ड आणि पुन्हा महिनाभर कान लावून बसणं. एकदा, एकदाच, तिचं नाव वाचलं गेलं. तेव्हा ती हौदावर पाणी भरत होती! शेजारच्या काकू ओरडत आल्या, "अगं तुझं नाव, तुझं नाव!" घागर टाकून ती पळत आली तोवर गाण्याचं शेवटचं कडवं चाललेलं. हे सांगताना ती हसायची. मला आता नाही येत हसू.

माझ्या डोक्यात एक विचित्र जोड बसलीय बघा. रेडिओचं लायसन्स पोस्टात. फर्माईशीचं कार्ड पोस्टात. आणि १९९५ला केबलचा कायदा आला, तेव्हा आमच्या केबलवाल्यालाही नोंदणीसाठी हेड पोस्टातच जावं लागलं. अर्ज आण्णांनी लिहून दिला होता. म्हणजे आवाज असो, चित्र असो, त्याचं एक टोक कुठल्यातरी खिडकीशी, कुठल्यातरी माणसाशी बांधलेलं होतं. त्या माणसाशी भांडता यायचं. दिल्लीत, सांगलीत, गल्लीत, कुठंही असो, पण होता. माझी तक्रार एवढीच आहे आणि मला कुणी 'जुनं ते सोनं'वाला म्हणू नका, माझ्याही घरात फायबर आहे आणि रात्री मीही मोबाईलवर काहीबाही बघत झोपतो.

हो, रेडिओ सरकारच्या ताटाखालचं मांजर होता. आणीबाणीत काय ऐकवलं आणि काय नाही ते आण्णांनाच विचारा. मान्य. केबलवाले तरी कुठं साधुसंत, शहरांत एरियावरून डोकी फुटली आहेत. तेही मान्य. पण आमच्याकडं दोन महिने पैसे थकले तेव्हा त्यानं वायर काढली नाही. आण्णांचा पगार अडकला होता, ते गावाला माहीत होतं, म्हणजे त्यालाही माहीत होतं. पावतीपुस्तक घेऊन दारात आला, पाणी प्यायला, आणि पावतीचा विषय न काढता गेला. आज माझे पैसे भरलेले आहेत आणि टीव्ही बंद आहे. ७२ तास. अरे, आमच्या आईचा पिक्चर दहा मिनिटांत मागं गेला होता, सायकलचा वेळ धरून!

त्याचं पुढं काय झालं तेही सांगतो. २०१२पासून मोठ्या शहरांत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मग ते लोण आमच्याकडं आलं. बॉक्स मोठ्या कंपन्यांचे, सिग्नल त्यांचा, हा नुसता वसुलीचा माणूस उरला. गावाचं चॅनेल होतं त्याचं, त्यावर रथोत्सव दिसायचा, वाढदिवसाच्या पट्ट्या, पाणी दोन दिवस येणार नाही, अमक्याची म्हैस हरवली आहे. तेही गेलं. त्यानं लाईन विकली. आता झेरॉक्सचं दुकान आहे. गच्चीवर डिश अजून आहे म्हणतात, त्यावर दोडक्याचा वेल चढवलाय.

आत्ता हे सगळं लिहीत असताना आण्णा शेजारी येऊन बसले. टीव्ही नाही, मग करणार काय. काय लिहितोयस विचारलं. मी किस्सा वाचून दाखवला, सायकल, भाकरी, बागेतलं गाणं. म्हटलं, आण्णा, पिक्चर कुठला होता हो? मला कसा तो आठवत नाही, मी परत आल्यावर झोपून गेलो होतो.

त्यांनाही नाव आठवेना. पण ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण बागेतलं गाणं तर लाईट जायच्या आधीच झालं होतं की रे."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे काय? पूर्ण पाहिलं होतं तिनं. लाईट त्याच्या नंतर गेली." आणि चष्मा काढून पुसायला लागले. "परत बघायचं असेल."