काकांचा बेचाळीस एस

आमच्या रामबागेतल्या काकांना मोबाइलमध्ये एकच गोष्ट हवी होती: त्यांचा गेलेला कॅल्क्युलेटर. एचपी 42 एस, 1988 सालचं मॉडेल. 1995 मध्ये ते बनायचं बंद झालं, आणि आता आत राहिलेले बटणसेल गळून आमच्याकडचंही गतप्राण झालं. घरात 'कॉम्प्युटरवाला' म्हणून माझी ख्याती (म्हणजे प्रिंटर अडला की मला हाक), त्यामुळे उत्तरकार्य माझ्याकडे आलं.

"काका, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतोच की."

"त्याला कॅल्क्युलेटर म्हणतोस तू?"

संपला विषय.

खरा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं ॲप, त्याचा प्रोसेसर हुबेहूब वठवतो, पण आत चालवायला मूळ यंत्रातला रॉम (चिपमध्ये कायमचा भरलेला प्रोग्रॅम) लागतो, आणि त्यावर हक्क कंपनीचा. थॉमस ओकेन यांनी लिहिलेल्या 'फ्री 42' या ॲपला ती भानगड नाही. सगळं नव्यानं लिहिलेलं, वर फुकट. आम्ही इंदूरकर, कौल कुणाला मिळाला ते सांगायला नको. जुनं यंत्र 12 अंकी हिशेब करायचं, हे 34 अंकी करतं. काकांची पेन्शन पाच अंकी, म्हणजे बाकीचे 29 अंक नुसते बसून असतात.

पडद्यावर थेट जुनं रूप: तशीच बटणं, तसंच लांबलचक एंटर. फक्त काकांचा अंगठा जुन्या मापाचा, त्यामुळे भागाकार दाबला की शेजारचा नऊही दबतो. मग सगळ्या मोबाइल कंपन्यांचा उद्धार.

खरी गोम पुढेच आहे. या यंत्राला 'बरोबर'चं बटणच नाही. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी चिन्ह आधी, आकडे मागून अशी पद्धत काढली होती. इथे ती उलटी करून वापरलीय. 2, एंटर, 3, अधिक, झाले पाच. कंसांची कटकट नाही. काका म्हणतात, "अरे, दोनात तीन मिळव, असंच म्हणतो ना आपण? क्रियापद शेवटीच. मधे घुसायची खोड त्या इंग्रजाची." याला उत्तर नाही, निदान माझ्याकडे नाही.

दूधवाल्याकडेही नव्हतं. महिन्याचं 45 लिटर, भाव 60. काकांनी कौतुकानं मोबाइलच त्याच्या हातात दिला. त्यानं 45 टाकले, एंटर सोडून थेट गुणिले दाबलं. पडद्यावर शून्य. बिचकून 60 टाकले आणि 'बरोबर' शोधू लागला.

"बाबूजी, बराबर का बटन किधर है?"

"है ही नहीं!" काका प्रसन्न. पडद्यावर महिन्याच्या दुधाचे साठ रुपये झळकत होते, आणि ते पाहून दूधवाल्याचा चेहरा नासला.

काकूनं तोवर कॅलेंडरच्या मागे गुणाकार करून सत्तावीसशे मोजून त्याच्या हातावर ठेवलेसुद्धा. तरी त्याची सुटका नाही. काका त्याला ओट्यावर बसवून एक्स, वाय, झेड, टी असा चार मजली स्टॅक (आत आकडे ठेवायची उतरंड) समजावत होते, आणि गल्लीतली बाकीची घरं बिनदुधाचा चहा उकळत ठेवून दुधाची वाट पाहत होती.