भारी थीम घेतली की धंदा दुप्पट होतो म्हणे!

गेल्या महिन्यात गुहागरकडच्या एका मावशींनी मला एक फॉरवर्ड पाठवला. खाली एकच ओळ: "बघ रे, ही थीम घेऊया का?" मावशी आगळ, कोकम, आंबापोळी, फणसपोळी विकतात. वर्षभरापासून वर्डप्रेसवर ब्लॉग लिहितात आणि तिथूनच ऑर्डरी घेतात. (वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट चालवायची सोय, आणि थीम म्हणजे तिच्या दिसण्याचा तयार साचा.) अशा लहान धंद्यांच्या वेबसाइट उभ्या करून देणं हे माझं काम. तोच फॉरवर्ड त्याच आठवड्यात आणखी तिघांकडून आला, तेव्हा म्हटलं, प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकू.

मथळा होता ‘ब्लॉगची थीम भारी, तर धंदा दुप्पट’. पोटात सहा मुद्दे: फुकट थीमला गूगल खाली ढकलतं, डेमो (थीमची नमुना साइट) आवडला की घ्या म्हणजे तशीच साइट मिळते, वरती मोठा फिरता बॅनर हवाच, जितकी फीचर्स जास्त तितकी विक्री जास्त, दरवर्षी थीम बदला, आणि शेवटी, ‘महागडी थीम फुकटात हवी असेल तर या लिंकवर जा’. म्हणजे पहिल्या मुद्द्यात फुकटाला नाकं मुरडायची आणि सहाव्यात तेच फुकट वाटायचं!

आधी गूगलचं बघू. तुम्ही थीमला किती पैसे मोजले याची पावती गूगलला दिसत नाही. त्याला दिसतं ते पानावर काय लिहिलंय, ते शोधणाऱ्याच्या कामाचं आहे का आणि पान मोबाइलवर धड उघडतं का. थीमचा हात लागतो तो मुख्यतः या शेवटच्या गोष्टीला. त्याची मापं गूगलने उघड सांगून ठेवली आहेत. पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पानाने दाद द्यावी आणि वाचता वाचता ओळी वरखाली उड्या मारू नयेत. वर्डप्रेसबरोबर फुकट येणाऱ्या ट्वेंटी ट्वेंटी-फोरसारख्या थीम मुळातच हलक्या असतात, त्यांना हे जड जात नाही. उलट ‘हॉटेलपासून हॉस्पिटलपर्यंत सगळ्यांना चालेल’ अशी जाहिरात करणारी विकतची थीम सोबत इतकं सामान आणते की साध्या फोनवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. घेण्याआधी थीमच्या डेमोचा पत्ता पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्समध्ये टाकून बघा. पैसे पडत नाहीत. रिकाम्या, सजवलेल्या डेमोलाच धाप लागत असेल, तर तुमचे फोटो चढल्यावर काय होईल?

विकतची थीम घेऊच नका, असं मी म्हणत नाही. अडलं तर विचारायला माणूस मिळतो आणि त्याचे पैसे देण्यासारखे असतात. फक्त ते पैसे मदतीचे असतात, गूगलमधल्या जागेचे नाहीत.

आता डेमो. माझा खरा राग इथे आहे. डेमोमध्ये पांढऱ्याशुभ्र टेबलावर कॉफीचा एक कप असतो, शेजारी इंग्रजीत तीन शब्द, आणि बाकी सगळी मोकळी हवा. मावशींकडे काय आहे? ओटीवर वाळत घातलेल्या फणसपोळीचे फोनने काढलेले उभे फोटो, आणि ‘घरगुती पद्धतीने उन्हात वाळवलेली फणसपोळी (पाव किलो)’ असं मालाचं नाव. फॉरवर्डमधली थीम मी त्यांच्यासमोरच एका चाचणीच्या साइटवर चढवली आणि डेमोचा मजकूर काढून त्यांचा भरला. उभ्या फोटोंची डोकी उडाली. ते नाव तीन ओळींत मोडलं आणि शेजारच्या किमतीवर चढलं. बटणात ‘बाय नाऊ’ छान बसत होतं, ‘कार्टमध्ये टाका’ दोन ओळींत फुटलं.

देवनागरीचे हाल तर विचारू नका. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून त्या थीमने अक्षरांमध्ये अंतर सोडलं होतं. आपल्या लिपीत तसं केलं की शिरोरेषा तुटते. ‘आंबापोळी’ची चार अक्षरं दातांत फटी पडल्यासारखी वेगवेगळी उभी! ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या बेताने धरलेलं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकत होते. आणि थीमच्या फाँटमध्ये देवनागरी नव्हतीच, म्हणून फोन आपल्या पदरचा फाँट लावत होता. परिणामी ‘100 टक्के नॅचरल’मधला आकडा एका वळणाचा आणि अक्षरं दुसऱ्या वळणाची, कारण आकडा मावशींनी इंग्रजीत टाइप केला होता.

हे दुरुस्त होत नाही असं नाही. मुक्ता किंवा पॉपिन्ससारखा, देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला फुकट फाँट लावायचा. अक्षरांमधलं अंतर शून्य करायचं. ओळींमधलं थोडं वाढवायचं. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी करायची. काही फाँट तेवढ्यावरून ओळखतात आणि ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाने काढतात, हिंदी वळणाने नाही. (ग्राहकाला हे कळतं का, असं मला एकदा कुणी विचारलं होतं. नेमकं कळत नसेल, पण ‘हे आपल्याकडचं दिसत नाही’ एवढं नक्की वाटतं.) मुद्दा असा की डेमोकडे बघून यातलं काही समजत नाही. तुमच्या मालातलं सगळ्यात लांब नाव, तुमचा सगळ्यात वाईट फोटो आणि घरातला सगळ्यात जुना फोन, या तिघांसमोर थीम उभी करा आणि मग ठरवा.

फिरत्या बॅनरबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर २०१३ च्या सुमारास मोजदाद झाली होती. तिथे अशा बॅनरवर बोट ठेवणारे साधारण १ टक्का निघाले, आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. विद्यापीठ वेगळं आणि आंबापोळी वेगळी, मान्य. पण पाच मोठे फोटो एकामागून एक लोड करायचे आणि चार कुणी बघायचे नाहीत, हा व्यवहार कुठल्याच धंद्यात बसत नाही. एकच चांगला फोटो ठेवा, खाली किंमत आणि ऑर्डरचं बटण.

फीचर्सचा मुद्दा ऐकायला गोड आहे, फटका नंतर बसतो. काही थीम किमतीचे तक्ते, फोटोंच्या चौकटी, ग्राहकांचे अभिप्राय असं सगळं स्वतःच्याच पोटात ठेवतात. दोन वर्षांनी थीम बदललीत की ते सगळं जातं आणि लेखांमध्ये चौकोनी कंसांतला अगम्य मजकूर उरतो. एका मसालेवाल्यांचे जवळपास दीडशे लेख मी असे हाताने साफ केले आहेत. तीन संध्याकाळी गेल्या आणि वर त्यांच्याकडून पैसे मागायचीही लाज वाटली. वर्डप्रेसच्या अधिकृत थीमसंग्रहात याच कारणासाठी नियम आहे: थीमने दिसण्याचं बघावं, बाकीची कामं प्लगइनकडे, म्हणजे वर्डप्रेसला वेगळ्या जोडायच्या छोट्या प्रोग्रामांकडे. दुकान वूकॉमर्समध्ये (विक्रीसाठीचं असंच एक प्लगइन) असेल तर थीम कितीही वेळा बदला, माल आणि ऑर्डरी जागेवर राहतात.

‘दरवर्षी बदला’ याला उत्तर द्यावंसंही वाटत नाही. मागच्या वेळी जिथे बटण होतं तिथेच गिऱ्हाईक परत शोधतं. बदलायचं असेल तर अपडेट करत राहा, आणि जिचं शेवटचं अपडेट दोन-तीन वर्षांपूर्वीचं आहे अशी थीम मुळात घेऊच नका.

राहिली ती सहाव्या मुद्द्यातली लिंक. ‘नल्ड’ थीम, म्हणजे विकतच्या थीमची परवान्याची कडी काढून फुकट वाटलेली प्रत. यात लोक कायद्याचा वाद घालतात. वर्डप्रेसच्या बऱ्याच थीमचा कोड जीपीएल परवान्याखाली, म्हणजे वापरायला आणि वाटायला मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली असतो, त्यामुळे तो वाद वाटतो तितका सरळ नाही. माझी हरकत वेगळी आहे: मूळ कर्त्यापासून तुमच्यापर्यंत येताना ती फाइल मध्ये कुणी उघडली आणि त्यात काय घालून बंद केली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. माझ्याकडे आलेल्या एका साड्यांच्या साइटवर अशाच थीमच्या तळाशी जुगाराच्या साइटच्या लिंका लपवलेल्या होत्या. मालकिणीला त्या दिसत नव्हत्या, गूगलला दिसत होत्या. अपडेटही येत नाहीत, तेव्हा पडलेलं भगदाड उघडंच राहतं.

फॉरवर्डमध्ये एका गोष्टीचा उल्लेखही नव्हता, आणि थीम निवडताना मी आधी तीच बघतो: तळाशी आणि मालाच्या पानावर नीट लिहायला जागा आहे का. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता, संपर्क, माल परत घेण्याच्या आणि पैसे परत करण्याच्या अटी, तक्रार कुणाकडे करायची, हे दाखवायचं असतं. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांकही तिथेच दिलेला बरा. अनोळखी बाईकडून पहिल्यांदाच आगळ मागवणारं डोंबिवलीतलं किंवा दुबईतलं गिऱ्हाईक बॅनर नाही, हेच वाचतं.

मावशींनी शेवटी फुकटचीच थीम ठेवली. फाँट मुक्ता, वर एकच फोटो, आणि प्रत्येक लेखाखाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. त्यावर बोट ठेवलं की ‘मला आगळ हवं आहे’ एवढा मजकूर आधीच भरलेला येतो. सध्या सगळ्यात जास्त लोक उतरतात ते ‘आगळ आणि कोकम सरबत यांत फरक काय’ या त्यांच्या लेखावर: आगळात मीठ, सरबतात साखर, सोलकढीला कुठलं घ्यायचं, अशी साधी दीड पानाची माहिती. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. म्हटलं, आता कुठली थीम? तर म्हणाल्या, "थीम राहू दे रे, बाटलीच्या फोटोवर माझीच सावली पडते, ती कशी काढू ते सांग."