पैसे दिसून राह्यले, निघून नाही राह्यले

आमच्या दारव्हा तालुक्यात कापसाची पहिली वेचणी झाली आणि सोयाबीनचे पैसे हातात पडले, की व्हॉट्सअॅपवर काही पाहुणे हमखास येतात. यंदाचा पाहुणा असा: "कास्तकार बांधवांनो, क्रिप्टो आता सरकारमान्य. सरकार स्वतः ३० टक्के टॅक्स घेते. सोबत अर्थमंत्र्यांचा व्हिडिओ, चॅनलला निळी टिक. विश्वास नसेल तर आधी ५,००० लावा, उद्या काढून पाहा. व्यवहार ब्लॉकचेनवर कायमचा नोंदतो, कोणी पैसा खाऊच शकत नाही. ग्रुपमध्ये आपलेच लोक आहेत."

गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पॅनकार्ड. हा मेसेज पुढे धरून "भाऊ, हे खरं हाय काय?" असं विचारणारं कोणी ना कोणी रोज येतं. पानठेल्यावर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहून काढलं.

टॅक्सचं आधी, कारण मेसेजमधलं तेवढंच अर्धं खरं आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्या, नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. पण हा कर लावताना आपण क्रिप्टोला कायदेशीरही करत नाही आणि बंदीही घालत नाही, हे अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यसभेतच सांगितलं होतं. आपल्याकडे अतिक्रमणातल्या घराचीही घरपट्टी भरतात, नमुना आठला नाव लागतं. म्हणून जागा मालकीची होते काय? मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंजना, म्हणजे ही नाणी घेण्या-विकण्याच्या अॅपना, मनी लॉन्ड्रिंगच्या (काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या) कायद्याखाली केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, हेही खरं. ती नोंदणी संशयास्पद व्यवहार कळवण्यासाठी आहे. तुमच्या पैशाची हमी त्यात कुठेच नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, क्रिप्टोला एका रुपयाचाही नाही.

आता व्हिडिओ आणि निळी टिक. १२ डिसेंबर २०२१ च्या मध्यरात्री पंतप्रधान मोदींचं ट्विटर खातं हॅक झालं आणि त्यावरून 'भारताने बिटकॉइनला अधिकृत चलन केलं' असं जाहीर झालं. टिक होती, खातं खरं होतं, बातमी खोटी होती. २० सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या यूट्यूब चॅनलवर सुनावणीच्या जागी एका क्रिप्टो नाण्याचे व्हिडिओ दिसू लागले. जिथे सुप्रीम कोर्टाच्या चॅनलची ही गत, तिथे टेलिग्राम चॅनलवरच्या निळ्या टिकचं काय घेऊन बसलात! राहिला चेहरा आणि आवाज. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्याच गव्हर्नरांच्या बनावट व्हिडिओंबद्दल लोकांना सावध करावं लागलं. 'ओठ नीट पाहा, पापण्या मोजा' असा सल्ला हल्ली पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. दहा ग्रुपांतून फिरून धुरकट झालेला व्हिडिओ, तडा गेलेली स्क्रीन, त्यात पापण्या काय मोजता? मंत्री किंवा गव्हर्नर कोणत्याही अॅपमध्ये पैसे लावा असं सांगत असेल, तर तो व्हिडिओ खोटा. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया आहे, पण तिथे १ रुपयाचा १ रुपयाच राहतो. 'रिझर्व्ह बँकेचं नाणं, महिन्यात दुप्पट' असं काही अस्तित्वातच नाही.

"आधी काढून पाहा." खरा गळ हाच.

आमच्या गावातला एक कास्तकार दुकानात आला आणि म्हणाला, "सोसायटीच्या कर्जाले सातबारा पायजे, लवकर काढून दे." पेरणी नाही, काही नाही, मग कर्ज कशाला? बऱ्याच वेळानं त्यानं फोन पुढे केला. अॅपमध्ये ६,२४० डॉलर दिसत होते. म्हणाला, "भाऊ, पैसे तं दिसून राह्यले, निघून नाही राह्यले. टॅक्स भरा म्हणते." सुरुवातीला त्यानं ५,००० लावले होते आणि दुसऱ्या दिवशी ५,८०० खात्यात खरोखर आले होते. मग सोयाबीनचे आणि बायकोच्या बचत गटाचे मिळून १ लाख ४० हजार तीन हप्त्यांत गेले. आता नफ्याचे ३० टक्के, म्हणजे १ लाख १७ हजार, 'आधी' मागत होते.

कर असा आधी मागत नाहीत. टीडीएस मिळणाऱ्या पैशातून कापला जातो, आणि आयकर आपण आपल्या पॅनवर आयकर खात्याच्या पोर्टलवरून भरतो. अॅपच्या 'अधिकाऱ्या'ला फोनपेवर कोणी आयकर भरत नसतं.

मी त्याला तिन्ही व्यवहार उघडायला लावले. स्क्रीनवर एक्स्चेंजचं नाव इंग्रजीत ठळक, सोबत सोनेरी नाणं. पैसे गेले ते मात्र एकदा कुठल्याशा किराणा दुकानाला, एकदा एका ट्रेडर्सला आणि तिसऱ्यांदा एका पोराच्या खात्यात. क्यूआर स्कॅन केला की नाव येतं, ते त्यानं तिन्ही वेळा पाहिलं होतं. "मले वाटलं त्याइचा एजंट असंन." मेसेजमधल्या ब्लॉकचेनचं उत्तर यातच आलं. ब्लॉकचेन म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांची न खोडता येणारी नोंदवही, आणि हा पैसा तिच्या आसपासही गेला नव्हता. अॅपमधले डॉलर म्हणजे कोणीतरी टाइप केलेला आकडा. गेला असता तरी काय? ब्लॉकचेनवरचा व्यवहार मागे घेता येत नाही. मेसेजवाला ज्याला तुमचं संरक्षण म्हणतो, ती खरं तर चोराची सोय आहे.

आणि ते परत आलेले ५,८००? ते आले होते परराज्यातल्या एका अनोळखी खात्यातून. बहुधा तुमच्याआमच्यासारखाच कोणी फसलेला. त्यानं तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक होल्ड लावते, म्हणजे पैसे अडकवून ठेवते, कधी तेवढ्याच रकमेवर, कधी अख्ख्या खात्यावर. याच्या पूर्ण खात्यावर लागला. पीएम किसानचा २,००० चा हप्ता त्याच खात्यात येतो.

"आपलेच लोक" या मुद्द्यावर फार लिहीत नाही. गेनबिटकॉइन या बिटकॉइनच्या फसव्या योजनेत दरमहा १० टक्के, १८ महिने, असं सांगून लोक जोडले ते आपल्याच लोकांनी. सूत्रधार २०१८ मध्ये पकडला गेला, २०२२ मध्ये वारला, तपास पुढे सीबीआयकडे गेला. मधल्या काळात, तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली होती, जप्त क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून. म्हणून 'सायबर सेलमधून बोलतो, फी भरा, पैसे काढून देतो' असा फोन आला तर ठेवून द्या. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, दुसरा फोन त्या यादीवरूनच येतो. कस्टमर केअर म्हणून कोणी ओटीपी किंवा वॉलेटचे (क्रिप्टो ठेवायच्या अॅपचे) १२ गुप्त शब्द मागितले, तरी तेच.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन. यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, तारीख, रक्कम हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार पोचली तर थांबवता येतो, म्हणून ते लाजेचे दोन दिवस महागात पडतात. आमच्या कास्तकारानं नऊ दिवस घरी सांगितलं नव्हतं. ग्रुपमधून मात्र लगेच बाहेर पडू नका. आधी नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट घ्या.

सातबारा मी काढून दिला नाही. १९३० वर तक्रार केली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर भरली, पावतीचं प्रिंट त्याच्या हातात दिलं. होल्ड अजून उठलेला नाही. परवा तो परत आला होता. सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस खरेदीचा, चुकारा आधार जोडलेल्या खात्यातच येतो, तेव्हा कापूस विकायच्या आधी आधार पोस्टाच्या खात्याला जोडून मिळंन काय, एवढंच विचारायला.