की अडवली म्हणजे टेक्स्टबॉक्स सांभाळला, असं होत नाही

मिनी प्रोजेक्टचे दिवस आले की बेळगावातल्या डिप्लोमा आणि बीसीएच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सारांश असा: टेक्स्टबॉक्सचं (ज्यात माहिती टाइप करतात त्या चौकटीचं) फार मनावर घेऊ नका. आकड्याच्या बॉक्समध्ये की-प्रेसवर, म्हणजे बटण दाबल्या क्षणीच, अंक सोडून सगळं अडवा, नावाच्या बॉक्समध्ये अक्षरं सोडून सगळं अडवा, फोन नंबर इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारात, घ्या, त्याच्या बॉक्सला अक्षरांची मर्यादा घाला आणि वरून सगळं ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडमध्ये, गुंडाळा. मग प्रोग्राम कधी बंद पडणार नाही आणि वापरणाऱ्याला चूक करताच येणार नाही.

नवशिक्याला हे सोयीचं वाटतं, म्हणून पुढे पाठवलं जातं. पण आपल्याकडे वापरायच्या प्रोग्रामला यातली जवळजवळ प्रत्येक सूचना बाधते. गावच्या दूध डेअरीचा संकलनाचा फॉर्म घेऊन बघू. खाते नंबर, नाव, लिटर, फॅट, फोन. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी मुलांच्या घरचं दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीत जातं, त्यामुळे प्रोजेक्टला हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतोच.

आधी ‘फक्त अंक येऊ द्या’. फॅट लागलं ४.२. डेअरीतल्या माणसाची नजर मशीनवर, बोटं कीबोर्डवर, समोर कॅन घेऊन रांग. तो चार, टिंब, दोन दाबतो. टिंब अंक नाही म्हणून तुमचा कोड ते गिळतो आणि बॉक्समध्ये ४२ उरतं. फिल्टरच्या लेखी हे अगदी शुद्ध आहे. चूक अडवायची सोडून फिल्टरनं स्वतः चूक तयार केली. बरं, टिंबाला परवानगी दिली, तर दोन टिंबं दिलेला आकडाही आत येतो आणि नुसतं टिंबही. बॅकस्पेसचंही तेच: विंडोज फॉर्म्समध्ये (सी-शार्पमधली फॉर्म बांधायची सोय) तीही की-प्रेसमधूनच येते, वेगळी सोडली नाही तर टाकलेला आकडा तिनं खोडता येत नाही. आणि माऊसच्या उजव्या बटणानं पेस्ट केलेला मजकूर तर की-प्रेसच्या वाटेनं येतच नाही, थेट बॉक्समध्ये जातो.

मराठी किंवा कन्नड कीबोर्ड वापरणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. सी-शार्पचं ‘इज-डिजिट’ (हा अंक आहे का ते सांगणारं फंक्शन) देवनागरी आणि कन्नड अंकांनाही अंकच मानतं, आणि ते बरोबर आहे. पण पुढे मजकुराचा आकडा करणाऱ्या ‘इंट-पार्स’ला फक्त इंग्रजी अंक कळतात. म्हणजे दारात ‘या’ म्हटलेला अंक आत गेल्यावर एरर देतो. पायथनमध्ये उलट आहे, तिथलं ‘इंट’ देवनागरी आणि कन्नड अंक व्यवस्थित वाचतं. त्यामुळे टीकिंटरमध्ये (पायथनमधली फॉर्म बांधायची सोय) केलेला प्रोजेक्ट सी-शार्पमध्ये जसाच्या तसा उतरवला की जो फॉर्म काल चालत होता तो आज अडतो, आणि कोड कितीही वेळा वाचला तरी कारण सापडत नाही.

बॉक्समधून येतो तो मजकूर. टीकिंटरच्या एंट्रीचं ‘गेट’ काय किंवा विंडोज फॉर्म्सचं ‘टेक्स्ट’ काय, हातात पडते ती स्ट्रिंगच, म्हणजे नुसती अक्षरांची माळ. माणसाला शांतपणे टाइप करू द्या. सेव्ह दाबल्यावर, किंवा तो बॉक्स सोडून पुढे गेल्यावर, स्ट्रिंगचा आकडा होतोय का ते ‘ट्राय-पार्स’नं तपासा, ते जमलं नाही तर एरर न देता नुसतं ‘नाही’ सांगतं. देवनागरी किंवा कन्नड अंक असतील तर आधी साध्या अंकांत बदलून घ्या. आणि मग मर्यादा बघा, कारण खरी चूक तिथं पकडली जाते. गाईच्या दुधाचं फॅट साधारण साडेतीन-चार, म्हशीचं सहा-सात. तिथं ४२ आलं तर प्रोग्रामनं विचारायलाच हवं. की अडवून हे कधीही साधणार नाही.

नावाच्या बॉक्सबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. अक्षर आहे का ते बघणारं ‘इज-लेटर’ काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) ही चिन्हं वेगळ्या वर्गात आहेत. की-प्रेसवर हा फिल्टर लावून ‘शारदा’ टाइप करून बघा. श येतो, काना गळतो, र येतो, द येतो, शेवटचा काना गळतो. बॉक्समध्ये राहतं ‘शरद’. बाईंच्या खात्यावर पुरुषाचं नाव, आणि एररचा पत्ता नाही. ‘विनायक’चं ‘वनयक’ होतं, ‘आनंद’चं ‘आनद’. पायथनचं ‘इज-अल्फा’ अक्षरं गाळत नाही, पण ‘कमल’ला हो म्हणतं आणि ‘कमला’ला नाही. कन्नडमध्ये नाव टाकणाऱ्याची स्वरचिन्हंही अशीच जातात. शिवाय नाव आणि आडनाव यांच्यातली मोकळी जागा, आद्याक्षरांपुढची टिंबं, डि'सोझांच्या आडनावातला अपॉस्ट्रॉफी, हे सगळं फिल्टरला परकं.

ज्या जिल्ह्यात एकाच रांगेत मराठी आणि कन्नड नावं उभी असतात, तिथं नावाचा बॉक्स असा बांधणं मला मान्य नाही. नाव ज्याचं त्यानं लिहावं. आपण मागचा-पुढचा स्पेस काढावा, रिकामं नाही ना एवढं बघावं, बस्स. अपॉस्ट्रॉफीनं डेटाबेसची क्वेरी मोडते अशी भीती असेल तर क्वेरीत पॅरामीटर वापरा, म्हणजे नाव क्वेरीच्या मजकुरात न जोडता वेगळं पाठवा, माणसाचं आडनाव कापू नका.

फोन नंबर इंटमध्ये घ्यायचा सल्ला तर पहिल्याच नोंदीला पडतो. ३२ बिटांच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २१४,७४,८३,६४७ मावतं. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि सुरुवात ६ ते ९ नं, म्हणजे सी-शार्पच्या इंटमध्ये एकही बसत नाही. पायथनमध्ये बसेल, पण बेळगावचा ०८३१ घातला की ८३१ उरेल. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो नंबर स्ट्रिंगच ठेवा. खाते नंबरालाही हेच लागू.

राहिलं ट्राय-कॅच. कॅच रिकामा ठेवला की प्रोग्राम बंद पडत नाही हे खरं आहे, आणि नेमका तोच धोका आहे. लिटरचा आकडा वाचताना एरर आली, कॅचनं ती गिळली, आणि व्हेरिएबल फॉर्मच्या पातळीवर, म्हणजे सगळ्या नोंदींना एकच, असेल तर त्यात आधीच्या माणसाचे लिटर तसेच राहतात. नोंद सेव्ह होते. दहा-पंधरा दिवसांनी बिल निघतं तेव्हा एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर लागलेलं असतं, आणि दोघंही गरजेचे पैसे मोजत बसलेले असतात. त्यापेक्षा प्रोग्राम तिथंच थांबलेला परवडतो.

कॅच लावायचाच तर आकडा वाचण्यापुरता लावा, आणि चूक सापडली की सेव्ह थांबवा. कर्सर त्याच बॉक्सवर न्या, टाकलेलं पुसू नका, बाजूला साध्या शब्दांत लिहा: ‘फॅट ४२ असू शकत नाही, पुन्हा बघा.’ हे मराठीत हवं आणि कन्नडमध्येही. नुसतं ‘इनव्हॅलिड इनपुट’ वाचून पहाटे पाचला कुणालाच काही कळत नाही. प्रत्येक कीला मेसेजबॉक्स उडवणंही नको, रांग खोळंबते.

मेसेजमधली एक सूचना मात्र योग्य आहे: फोनच्या बॉक्सला अक्षरांची मर्यादा घाला, फक्त ०८३१ सकट नंबर मावेल एवढी ठेवा. तीच मर्यादा नावाला लावू नका. ‘क्षीरसागर’ दिसायला पाच अक्षरं, पण आत मोजलं तर नऊ. आणि तालुका, गाव किंवा गाय-म्हैस यांसाठी टेक्स्टबॉक्स ठेवूच नका, निवडायची यादी द्या.

फॉर्म सरांना दाखवायच्या आधी त्यात हे टाकून बघा: नावात ‘शारदा’ आणि एक कन्नड नाव, फॅटमध्ये देवनागरी ४.२, मग दोन टिंबं असलेला आकडा, मग काहीच नाही. फोनमध्ये ०८३१ नं सुरू होणारा नंबर पेस्ट करा. सेव्ह दाबा, फाइल उघडा आणि आत काय गेलंय ते वाचा.