हनन्याने शौलाला ‘भाऊ’ म्हटले

गेल्या वर्षी नाताळच्या चार दिवस आधी आमच्या चर्चच्या मंडळीतील पंधरा-वीस मुले-मुली नेहमीप्रमाणे घरोघर कॅरोल म्हणायला निघाली होती. एका गल्लीच्या तोंडाशी सात-आठ तरुणांनी त्यांना अडवले, धर्मांतर करायला आलात का म्हणून दरडावले, ढोलकी हिसकावून घेतली आणि एका मुलाच्या हातातले गीतांचे पुस्तक गटारात फेकले. मारहाण झाली नाही, पण मुली रडत घरी आल्या. त्या रात्री मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे लिहिले गेले ते पुन्हा वाचवत नाही. शुक्रवारी एका घरी प्रार्थनासभा होती. तेथे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दाटलेल्या गळ्याने ‘प्रभू, त्यांचे हात मोड’ अशी प्रार्थना केली आणि माझ्या तोंडून इतरांइतकेच मोठ्याने ‘आमेन’ निघाले. त्या आमेनने मला पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितले आणि जे छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. हे वचन आम्हाला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे, त्यामुळे त्यातल्या ‘साठी’ या शब्दापाशी आपण थांबतच नाही. छळणाऱ्यांविषयी प्रार्थना करणे सोपे असते आणि त्यांच्याविरुद्ध करणे तर त्याहून सोपे. त्यांच्यासाठी करायची म्हटली, की त्या माणसाचे भले व्हावे, त्याला नोकरी मिळावी, त्याच्या घरातले आजारी माणूस बरे व्हावे, असे काहीतरी मागावे लागते, आणि ते मागताना जीभ जड होते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतही शापवाण्या आहेत असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. १०९ वे आणि १३७ वे स्तोत्र वाचताना अंगावर काटा येतो. पण ती स्तोत्रे दुखावलेल्या माणसाचा संताप जसाच्या तसा देवापुढे ओतून टाकतात आणि सूड त्याच्या हाती सोपवतात. त्या शुक्रवारी आम्ही संताप ओतून टाकला नाही; तो पदरात बांधून घरी नेला आणि सोमवारपर्यंत ग्रुपवर फिरवत राहिलो.

या काळात मी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला नववा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. त्यात येशूच्या अनुयायांचा छळ करणाऱ्या शौलाची, म्हणजे पुढच्या पौलाची, गोष्ट आहे आणि आपले लक्ष साहजिकच शौलाकडे जाते: दिमिष्काची वाट, आकाशातला प्रकाश, जमिनीवर कोसळलेला तो तरुण. मला मात्र आता त्या अध्यायातला दिमिष्कातला शिष्य हनन्या अधिक महत्त्वाचा वाटतो. नीट नावाच्या रस्त्यावर यहूदाच्या घरी शौल आहे, त्याच्याकडे जा, अशी आज्ञा होताच हनन्या कचरला. या माणसाने यरुशलेमेत पवित्र जनांचे किती वाईट केले आहे हे मी ऐकले आहे, आणि येथेही तो आम्हाला बांधून नेण्याचा अधिकार घेऊन आला आहे, असे त्याने देवालाच स्पष्ट सांगितले. त्याच्या भीतीबद्दल देवाने त्याला दोष दिला नाही. फक्त ‘जा’ म्हटले. हनन्या गेला, ज्या माणसाच्या हाती कदाचित आपल्याच अटकेचे पत्र असेल त्याच्या डोक्यावर त्याने हात ठेवले आणि पहिला शब्द उच्चारला तो ‘शौल भाऊ’. शौलाचा बाप्तिस्मा त्यानंतर झाला. त्याने तोंडाने एक अक्षरही पश्चात्तापाचे काढल्याचे हनन्याने ऐकलेले नव्हते, आणि तरीही ‘भाऊ’ हा शब्द आधी आला.

हा ‘भाऊ’ शब्द आपल्या देशात एकदा अक्षरशः मनगटावर बांधला गेला आहे. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, मध्य प्रदेशातील उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करणाऱ्या. सावकारांच्या कर्जात पिढ्यानपिढ्या अडकलेल्या लोकांना बचत, सरकारी योजना आणि बँकेचे कर्ज यांची वाट त्या दाखवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून इंदूरला जात असताना समंदर सिंह नावाच्या तरुणाने सहप्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारले. त्यांच्या अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. २००२ साली रक्षाबंधनाला त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंहच्या हाताला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी त्या कुटुंबानेच शब्द टाकला, २००६ मध्ये तो सुटला, आणि पुढे तो केरळला राणी मारियांच्या आईला भेटायला गेला, तेव्हा त्या माउलीने आपल्या मुलीवर चाकू चालवणाऱ्या हातांचे चुंबन घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, त्या सोहळ्यालाही तो हजर होता.

या घटनेतली एक गोष्ट आपण सांगताना बहुधा गाळतो. समंदर सिंहला भरीस घालणाऱ्यांना ख्रिस्ती धर्माच्या तत्त्वांशी कितपत देणेघेणे होते? त्यांचे दुखणे बुडू लागलेल्या सावकारीचे होते. धर्म हे हाताशी असलेले निमित्त होते. अशा वेळी ‘विश्वासाचे वैरी’ एवढे म्हणून आपण मोकळे झालो, तर खरे भांडण दिसेनासे होते आणि ज्या गरिबांसाठी त्या बाईने जीव दिला ते आपल्याच तोंडून गोष्टीबाहेर ढकलले जातात.

वैरी हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे, हे मला अत्यंत गांभीर्याने म्हणायचे आहे. मिशनच्या जमिनीच्या व्यवहारावर प्रश्न विचारणारा पत्रकार वैरी, बायबलच्या एखाद्या वचनाबद्दल शंका काढणारा नास्तिक वैरी, मुलीने ख्रिस्ती मुलाशी लग्न केले म्हणून चर्चच्या दारात येऊन ओरडणारा बापही वैरी. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या घरावर आकाश कोसळले आणि पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या दुःखात जे नातेवाईक टिळकांना वाटेल ते बोलले असतील, ते काय येशूचे शत्रू होते? आपला माणूस हातचा जातो आहे या भीतीने माणसे बोलतात, आणि त्या भीतीला उत्तर दुःखाची जाण ठेवूनच द्यावे लागते. आपल्यापैकी काही जण शेजाऱ्यांच्या दैवतांची टवाळी करणारी पत्रके वाटतात, आणि मग राग अंगावर आला की त्याला छळ म्हणतात. येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पत्रात विश्वासाचे उत्तर सौम्यतेने द्यायला सांगितले आहे. सौम्यता सोडून जे ओढवून घेतले, त्याला ख्रिस्तासाठी सोसणे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि आपल्या हातात सत्ता होती तेव्हा आपण काय केले, हेही मराठी आणि कोकणी ख्रिस्ती माणसाने विसरता कामा नये. पोर्तुगीज गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. बाटलेल्या माणसाच्या घरात जुन्या धर्माचा काही माग उरला आहे का, हे ते शोधत असे. १७३६ च्या फर्मानाने तर दारात तुळस लावण्याला, धोतर नेसण्याला, इतकेच काय, हिंदूंच्या रीतीने मीठ न घालता भात शिजवण्यालाही ख्रिस्ती कुटुंबांना बंदी केली. चुलीवरच्या भातात मीठ आहे की नाही यावरून शत्रू ओळखणारी ती यंत्रणा क्रूसाचे चिन्ह मिरवत होती. शोमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही म्हणून त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले, तेव्हा प्रभूने वळून त्यांना धमकावले आणि ते सगळे दुसऱ्या गावी गेले. गोव्यातल्या त्या अडीचशे वर्षांत हा अध्याय वेदीवरून कित्येकदा वाचला गेला असेल, तरी दुसऱ्या गावी निघून जाणे कोणाला सुचले नाही. आज कोणी हा इतिहास आपल्या तोंडावर फेकला, तर तो खोटा आहे असे म्हणू नये आणि ‘तुमच्याकडेही’ म्हणून उलट हिशेबही मांडू नये. मान खाली घालून मान्य करावा.

मात्र क्षमा म्हणजे मुकाट्याने सोसत राहणे, हा अर्थही मला मान्य नाही. व्यासपीठावरून क्षमेचे धडे देणारे पुष्कळदा दुर्बळांनाच गप्प बसायला सांगत असतात. ओडिशातील मनोहरपूर गावात २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपली असताना जमावाने गाडी पेटवून दिली. ग्रॅहम १९६५ पासून ओडिशात होते आणि बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. तिघेही जळून गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि मुलीला घेऊन त्या लगेच मायदेशी परत न जाता आणखी काही वर्षे त्याच कुष्ठरोग्यांमध्ये राहिल्या. पण आपण क्षमा केली म्हणून खटला थांबवावा, असे त्या म्हणाल्या नाहीत. क्षमा आणि गुन्ह्याचा परिणाम यांची गल्लत करू नये, ही त्यांची भूमिका होती. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारा सिंहला फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. एका विधवेच्या मनातली क्षमा आणि न्यायालयातला हा लांबलचक खटला बारा वर्षे शेजारी शेजारी चालत राहिले आणि एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही.

पौलानेही, म्हणजे त्याच शौलानेही, पुढे हेच केले. फिलिप्पै येथे चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकल्यावर अधिकारी त्याला गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावले, आणि पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. ‘वाइटाबद्दल वाईट फेडू नका’ असे रोमच्या मंडळीला लिहिणारा हाच पौल. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन अर्ज करणे हा सूड नव्हे. उलट, अर्ज न करता घरी बसून हात मोडण्याच्या प्रार्थना करणे हा सूडच आहे, फक्त देवाच्या हातून करवून घेतलेला.

आमच्या पाळकांनी पुढच्या शुक्रवारी एकच प्रश्न विचारला: त्या मुलांपैकी कोणाचे नाव कोणाला माहीत आहे का? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, की ज्याने पुस्तक फेकले तो दहावीपर्यंत तिच्या वर्गात होता. वडील वारले आहेत, आई भाजीची गाडी लावते, अकरावीनंतर त्याने कॉलेज सोडले. तिने त्याचे नाव सांगितले. ज्यांनी हात मोडायची प्रार्थना केली होती तेच गृहस्थ त्या नावाने प्रार्थना करायला उभे राहिले आणि पहिल्या वाक्यातच अडखळले. त्या आईच्या गाडीवरून त्यांची पत्नी रोज भाजी आणत होती. ते नुसतेच उभे राहिले, त्यांना पुढे काही सुचेना, आणि शेवटी त्यांनी त्या मुलाला काम मिळावे एवढेच मागितले.

पोलीस ठाण्यात आम्ही लेखी तक्रार दिली आहे आणि ती मागे घेणार नाही, कारण त्या मुली पुन्हा त्या गल्लीतून न घाबरता जाऊ शकल्या पाहिजेत. तो मुलगा रस्त्यात दिसला की अजून मान फिरवतो. त्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी मी बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात ठेवली आहे आणि रोज सकाळी ते नाव घेतो. काही दिवस मनापासून घेता येते, काही दिवस येत नाही. या वर्षी कॅरोलला मुले निघतील तेव्हा आम्ही मोठी माणसेही बरोबर जाणार आहोत. पोलिसांना आधी कळवून त्याच गल्लीतून जाऊ, आणि त्याच्या आईने दार उघडले तर त्यांच्या अंगणातही एक गीत म्हणू.