पट्टी बांधूनही जखम भरत नाही तेव्हा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

व्हेरिकोज व्हेन्समुळे, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांमुळे, पायावर होणाऱ्या जखमांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की 'पट्टी नीट बांधली तर जखम भरते' असं म्हणून मी सगळा दोष रुग्णाच्या माथी मारला. तुमच्या आईची जखम दीड वर्षाची, तळहाताएवढी. क्रेप बँडेज त्या एक दिवस चुकवत नाहीत, तरी फरक नाही. मधाच्या ड्रेसिंगबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, ही तुमची दुसरी तक्रार.

तुमचा संताप रास्त आहे. घरच्यांनी मनापासून सेवा करायची आणि दर खेपेला 'काळजी घेत नाही का?' हेच ऐकून घ्यायचं, हे कुणालाही लागेल. आईंचा यात दोष नाही. जखम किती मोठी आणि किती जुनी, एवढ्यावरूनच ती भरण्याचा बराचसा अंदाज बांधता येतो. 10 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान आणि वर्षाच्या आतली जखम असेल, तर पट्टीच्या उपचारानंतरही 24 आठवड्यांनी साधारण 29 टक्के जणांची भरायची राहते. त्याहून मोठी आणि वर्ष उलटून गेलेली असेल, तर 78 टक्के जणांची. आईंची जखम या दुसऱ्या गटातली. म्हणूनच त्यांना त्याच त्या उपचारावर ठेवून वाट बघत बसणं मला पटत नाही. इथे कारणं एकेक करून शोधायला हवीत.

पट्टीबद्दल मात्र मी ठाम आहे. माणूस नुसता उभा असताना घोट्याजवळच्या शिरेत 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब असतो. तो चालू लागला की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो आणि हा दाब 30 च्या आसपास उतरतो. शिरेतल्या झडपा निकामी झाल्या की वर गेलेलं रक्त पुन्हा खाली येतं आणि दाब चढाच राहतो. मग पाय सुजतो, कातडी काळवंडते, कडक होते आणि साधं खरचटलं तरी चिघळतं. कुठलंही मलम हा दाब उतरवत नाही. पट्टी त्याला आवर घालते, पण घोट्यावर सुमारे 40 मिलिमीटरचा दाब दिवसभर टिकला तरच.

क्रेप बँडेज नेमकं इथे कमी पडतं. सकाळी घट्ट बांधलेलं क्रेप दुपारपर्यंत सैल होतं, घसरतं आणि घोट्यापाशी गोळा होतं. संध्याकाळी सोडून बघा: चुण्या पडल्या तिथे खोल वळ उठलेले असतात आणि त्यांच्या वर-खाली सूज जशीच्या तशी. कॉम्प्रेशनची, म्हणजे ठरावीक दाब देणारी थरांची पट्टी वेगळी असते. पाऊल काटकोनात धरायचं, बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची, टाच पूर्ण झाकायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत गुडघ्याच्या थोडं खाली थांबायचं. घोटा बारीक असेल तर आधी कापसाचा थर हवा, नाहीतर हाडावर काचतं. हे शिकलेल्या हाताचं काम आहे. दोन थरांचे कॉम्प्रेशन मोजे हाही पर्याय आहे. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत मोजे आणि चार थरांची पट्टी यांनी जखम भरायला जवळपास सारखेच दिवस लागले, 99 आणि 98. जखमेतून पाणी फार गळत असेल तर मात्र पट्टीच बरी.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: 'आई रात्री खुर्चीतच झोपते.' म्हणजे पाय चोवीस तास खाली लोंबकळलेला. दिवसा पट्टीने कमावलेलं रात्रीत जातं. पण त्या खुर्चीत का झोपतात, हे कुणी विचारलंय का? गुडघे दुखतात म्हणून, आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून, की पाय वर घेतला की दुखणं वाढतं म्हणून? दम लागत असेल तर हृदय तपासायला हवं. पाय खाली सोडल्यावरच बरं वाटत असेल तर धमनीतून रक्त कमी येत असण्याची शंका घ्यायला हवी, आणि तशा पायावर घट्ट पट्टी धोक्याची. म्हणून आधी डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात. ते 0.8 च्या खाली असेल तर पूर्ण दाबाची पट्टी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय बांधू नये, 0.5 च्या खाली बांधायचीच नाही. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, जास्त येऊ शकतो. आईंची ही तपासणी झाली नसेल, तर पट्टी आणखी घट्ट करण्याआधी ती करून घ्या.

आता मध. न्यूझीलंडमध्ये 368 रुग्णांवर मधाच्या ड्रेसिंगची चाचणी झाली, निष्कर्ष 2008 मध्ये आले. 12 आठवड्यांत जखमा भरण्यात ठोस फरक दिसला नाही आणि त्रासाच्या तक्रारी मधाच्या गटात जास्त होत्या. चांदीयुक्त ड्रेसिंगची गतही तीच. अँटिबायोटिकही लालसरपणा पसरत असेल, ताप किंवा वाढती वेदना असेल तरच. जुन्या जखमेत जंतू असतातच. वर्षभर बदलत राहिलेल्या मलमांची ॲलर्जी होऊन भोवतालची कातडी चिघळते, हेही बघा.

शिरेवरच्या उपचाराबद्दल कुणी बोललं नसेल, तर तुम्ही विषय काढा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खराब शीर लवकर बंद केलेल्यांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या, हा उपचार पुढे ढकललेल्यांच्या 82 दिवसांत. त्या जखमा सहा महिन्यांच्या आतल्या होत्या, त्यामुळे आईंना तेवढाच फायदा होईल असं मी म्हणणार नाही. पण शिरेवर उपचार केला की जखम पुन्हा होण्याचं प्रमाण बरंच घटतं.

आणि कडा उचललेल्या, जाडसर दिसत असतील, किंवा योग्य पट्टीनंतर तीन महिन्यांत जखम आकसली नाही, तर बायोप्सीचा, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा, आग्रह धरा. जुन्या जखमेत क्वचित कॅन्सर निघतो. दर आठवड्याला बाजूला मोजपट्टी ठेवून जखमेचा फोटो काढत जा. पहिल्या चार आठवड्यांतच ती आकसतेय की नाही हे त्यातून कळेल, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवायला तुमच्याकडे मोजमाप असेल.