बातमीला देणगी देताना घ्यायची काळजी

आमच्यासारख्या एखाद्या ना-नफा न्यूजरूमला देणगी द्यायचं तुम्ही ठरवलंय म्हणे. अभिनंदन! पण पैसा तुमचा, घाम तुमचा. तेव्हा काही गोष्टी सांभाळा.

पगाराला एक रुपयाही देऊ नका. 'प्रोजेक्ट'ला द्या. कॅमेरा घेऊन द्या, कार्यशाळा भरवा, पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्या. वाड्यावस्त्या पालथ्या घालणाऱ्या पोरीचा पगार मात्र 'ॲडमिन खर्च'. तो दहा टक्क्यांत कोंबा.

८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती आधी मागा. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही, तरी मागा.

कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या पैशातून, द्यायचं मनात असेल तर निर्धास्त राहा. हा पैसा कशावर खर्चता येतो याची यादी कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे. तिच्यात ग्रामीण खेळ आहेत, स्वच्छ गंगा निधी आहे, पत्रकारिता नाही. नकाराचं कारण आयतं मिळतं.

बिलं मागा, आणि तीही ओरिजिनल. आमची बातमीदार पाण्याच्या टँकरच्या बातमीसाठी साताऱ्यातल्या माणला गेली. दहिवडीपर्यंत एसटी, पुढे वडाप, म्हणजे शेअर जीप. वडापवाल्याकडे तिने बिल मागितलं तेव्हा तो आधी हसला, मग काडेपेटीच्या मागे '६० रु.' लिहून खाली सही ठोकली. तुमच्या अकाउंटंटने ती परत पाठवली, जीएसटी नंबर नाही म्हणून. एसटीचं तिकीट अर्धंच का, असंही विचारलं. अहो, बाई आहे ती. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. अकाउंटंटसाहेब एसटीत कधी बसलेत का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'इम्पॅक्ट' मोजून घ्या. गेल्या आठवड्यात मला आलेला फॉर्म त्यासाठी आदर्श आहे. रकाना ९ : 'बातमीचे थेट लाभार्थी किती? पैकी महिला किती? बदलाचा पुरावा फोटोसह जोडा.' बातमी अशी होती की टँकरच्या नोंदवहीत दिवसाला चार खेपा, वस्तीवर येत होत्या दोन. आमच्या पोरीने चार दिवस रस्त्याकडेला बसून खेपा मोजल्या. बातमी आली आणि तिसरी खेप सुरू झाली. आता लाभार्थी कोण लिहू? वस्तीवरची घरं? त्यांच्या शेरडांना धरू की नको? रोज दोन हंडे कमी वाहणारी म्हातारी अर्धी लाभार्थी की पूर्ण? आणि चौथी खेप अजून कोण पितंय, त्याला कुठल्या रकान्यात बसवू? मग पुढचा प्रश्न : 'हा बदल शाश्वत आहे का?' पाऊस पडला आणि टँकर बंद झाले हो! 'शाश्वत नाही' असं लिहू?

शोधपत्रकारिता करणाऱ्या 'रिपोर्टर्स कलेक्टिव्ह'ने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की प्राप्तिकर खात्याने त्यांचा ना-नफा दर्जा काढून घेतलाय. कारण काय, तर त्यांच्या पत्रकारितेतून सार्वजनिक हित साधत नाही. कन्नडमधल्या 'द फाइल' या न्यूज पोर्टलवर त्याच सुमारास हीच वेळ आली. ते निदान तोंडावर म्हणतात की बातमीचा लोकांना उपयोग नाही. तुम्ही तेच एक्सेल शीटमध्ये घालून पाठवता, वर 'वॉर्म रिगार्ड्स'.

आता सरळच बोलते. तुम्हाला बातमी नकोच आहे. वार्षिक अहवालात छापायला हंड्याशेजारी हसणारी बाई हवी आहे. मग फोटोग्राफर पाठवा ना, आम्हाला कशाला राबवता? त्या चार दिवसांत ती पोरगी कुठे झोपली, काय खाल्लं, सरपंचाच्या पोराने गाडी आडवी घातली तेव्हा काय झालं, यातलं एक अक्षर तुमच्या फॉर्ममध्ये नाही. काडेपेटीची चौकशी मात्र तीन ईमेलभर. तिचा दोन महिन्यांचा पगार तुमच्या दुसऱ्या हप्त्यात अडकलाय, आणि घरभाडं मागणाऱ्या मालकाला ती 'इम्पॅक्ट' दाखवू शकत नाही. लाज वाटू द्या जरा.

फॉर्म पाठवलाय. रकाना ९ कोरा आहे आणि कोराच राहील. पगाराचे पैसे सोडा.